भोपळ्याच्या पुढे पळणारा वाघ

अख्ख्या महाडला एकदा तरी घाबरवून सोडायचं, असं मी सत्त्याण्णव साली ठरवलं होतं! हसू नका. प्रत्येकाच्या मनात एकेक इच्छा असते. कुणाला सरपंच व्हायचं असतं, कुणाला विमानात बसायचं असतं. मला लोकांना घाबरवायचं होतं, कारण तोवर घाबरायचं सगळं काम मी एकट्यानेच केलं होतं.

मी किशोर. महाडच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, सत्यनारायण, कशाचंही व्हिडिओ शूटिंग करून मिळेल! मी पालीला भितो, बैलाला भितो, विजेला भितो, न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही भितो. आमच्या बायकोला, म्हणजे अमिताला, तर भितोच. पण त्यात मी एकटा नाही, आमची सगळी आळी तिला भिते.

त्या वर्षी दिवाळीआधी केबलवाल्याने मला गाठलं. म्हणाला, "किशोरभाऊ, पाडव्याला सकाळी आपल्या चॅनेलवर एक तास मोकळा आहे. काहीतरी लोकल टाका की!"

"पिक्चर टाकतो!" मी म्हणालो.

कोणता? तर भोपळ्यातल्या म्हातारीचा! गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. म्हातारी लेकीकडे निघते, जंगलात वाघ अडवतो, ती म्हणते, थांब बाबा, चार दिवस लेकीच्या हातचं खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून, वाघाच्या नाकासमोरून गडगडत! पिढ्यान् पिढ्या पोरं ही गोष्ट ऐकून गाढ झोपतात. माझ्या मते इथेच चुकत होतं. वाघ आहे, जंगल आहे, एकटी म्हातारी आहे, आणि पोरं झोपतात? ती गोष्ट मी नव्याने करणार होतो. माझ्या पिक्चरमधला वाघ फसणार नव्हता. तो भोपळा फोडणार होता!

"आणि म्हातारीला खाणार?" अमिताने विचारलं.

"ते दाखवायचं नाही. नुसती किंकाळी, आणि समाप्त!"

"पाडव्याच्या सकाळी? लोक फराळाची ताटं घेऊन बसलेले असताना?"

"त्यांच्या घशात चकली अडकली पाहिजे!"

"तुमच्या घशात काही अडकलं नाही म्हणजे मिळवली," असं म्हणून ती चिवडा हलवायला आत गेली.

तयारी मात्र मी जोरात केली. वाघ म्हणून माझा मेहुणा सुनील. मुंबईत असतो, सहा फूट उंच, व्यायामशाळेत जातो. त्या काळी घरोघरी वाघाचे पट्टे असलेली जाड ब्लँकेटं आली होती. त्यातली आमची दोन मी शिंप्याकडे दिली आणि अंगभर झबलं शिवून घेतलं. मुंडकं गणपतीच्या कारखान्यातून कागदाच्या लगद्याचं करून आणलं. कारागीर गणपतीचा, त्यामुळे वाघाच्या चेहऱ्यावर थोडी कृपादृष्टी आली होती, पण दात झकास होते. भोपळ्यासाठी भात साठवायची बांबूची गोल कणगी घेतली, तिला केशरी कापड ताणून शिवलं आणि वरच्या झाकणाला देठ म्हणून खराट्याचा दांडा खोचला. आत एक म्हातारी आरामात मांडी घालून बसेल एवढी जागा!

आता जंगल आणि म्हातारी. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणार होतं. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर करवंदमाळ नावाची वीस-बावीस घरांची वाडी आहे. गुरं राखून आणि नाचणी-वरी पिकवून राहणारी माणसं. तिथला कारभारी भागोजी. त्याच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, त्यामुळे ओळख होती. त्याची चुलती आवडीआजी, सत्तरीची, काटक, तोंडाने फटकळ. म्हातारीच्या कामाला अगदी पाहिजे तशी! आदल्या वर्षी बिबट्याने तिच्या दोन म्हशी नेल्या होत्या. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आजीकडे आता त्या म्हशींची एकच पारडी उरली होती, आणि आजीचं सगळं घरदार म्हणजे ती पारडी.

शूटिंगला मी वसुबारस निवडली. म्हटलं, गुरं रंगवलेली असतील, कॅमेऱ्यात छान दिसतील. इथेच माझं चुकलं! महाडात आम्ही त्या दिवशी गाय-वासराची पूजा करतो. करवंदमाळला त्याच दिवशी वाघबारस असते. तिथे त्या दिवशी गड्यांपैकी एक जण वाघ होतो. त्याला वाघजाईच्या दगडापुढे खीर खाऊ घालतात, आणि मग सगळी वाडी त्याला डबे बडवत, शेणाचे गोळे मारत, पार खालच्या वहाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे हाकलते. वाघ नीट हाकलला गेला, तर वर्षभर खरा वाघ गुरांना शिवत नाही. मधेच थांबला, तर शिवतो. आदल्या वर्षी जो वाघ झाला होता, तो अर्ध्या वाटेत हसत हसत खाली बसला. पंधरा दिवसांत आजीच्या म्हशी गेल्या. आणि या वर्षी तर वाडीतली सगळी तरणी मुलं मुंबईला, वाघ व्हायला कुणीच नाही!

हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही तरी माझ्यासारखे फसू नका.

तर आम्ही जीपने डोंगराच्या पायथ्याशी आलो. तिथे चहाची टपरी, टपरीसमोर वहाळ, वहाळावरच्या लाकडी पुलापलीकडे वाडीची चढण. मी, अमिता, कॅमेरावाला सहदेव आणि वाघ. अमिता लेकीचं काम करणार होती. वाघाने मान वर करून डोंगराकडे पाहिलं.

"जिजू, वर जायला गाडी नाय?"

"नाही रे. तासाभराची चढण आहे."

"टेन्शन नय लेनेका!" सुनील म्हणाला, आणि पन्नास पावलांवर त्याच्या पोटरीत गोळा आला! तो लंगडत टपरीवर परत गेला, दोन वडे मागवले आणि तिथूनच हात हलवून म्हणाला, "मी हितून सपोर्ट करतो!"

मी ब्लँकेटाच्या गाठोड्याकडे पाहिलं. सहदेवने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच घाला," अमिता म्हणाली. "लोकांना घाबरवायचंय ना? मग दुसऱ्याच्या अंगावर कशाला?"

कणगी डोक्यावरून वाहत वर पोहोचलो तर अख्खी वाडी वाघजाईच्या दगडाजवळ जमलेली! म्हातारे, बाया, पोरं. गुरांच्या शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा. पण माणसांचे चेहरे उतरलेले. मी त्यांना नमस्कार केला आणि पिक्चर समजावून सांगितला. वाघ कसा येणार, म्हातारी कशी किंचाळणार, सगळं.

"वाघ कोन होनार?" भागोजीने विचारलं.

"मी."

"सोताहून?"

"अगदी स्वतःहून!"

भागोजीने आवडीआजीकडे पाहिलं. आजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मनात म्हटलं, बघा, कलेची कदर डोंगरावर आहे, महाडात नाही!

"पन भाऊ, पळायला लागंल," भागोजी म्हणाला. "सगळी वाडी मागं आसंल. पार खालच्या वहाळापातुर."

"लाँग शॉट! उत्तम!"

"बोलायचा नाय. वाघ बोलत नाय."

"आवाज आम्ही नंतर भरतो."

"मागं बगायचा नाय."

"ऐकलंस सहदेव? कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हे यांना न सांगता कळतं!"

"आनी वहाळ ओलांडल्याबिगर थांबलाव तर समदा फुकट. जनावर येतो गुरांवर."

त्यांची काहीतरी श्रद्धा असेल, असं समजून मी मान हलवली. तेवढ्यात आजी पुढे आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाबा, माजी येकच पारडी रायलीय. जीव तोडून पळ हां. हसू नुको."

"आजी, तुमच्या पारडीसाठी जीव तोडून पळेन!" मी म्हणालो. आजवर इतकं खरं झालेलं वचन मी दुसरं दिलेलं नाही.

मग मी आजीला भोपळ्यात बसवून पाहिलं. ती आत मांडी घालून निवांत बसली आणि तंबाखू मळायला लागली. सहदेवने जास्तीच्या बॅटऱ्यांचा पत्र्याचा डबा तिच्या शेजारी ठेवला. मी झबलं चढवलं, मुंडकं अडकवलं. आणि कळलं, की डोळ्यांची भोकं माझ्या डोळ्यांच्या वर चार बोटं आहेत! भोकांतून फक्त आभाळ दिसत होतं. खाली जबड्याच्या फटीतून माझेच पाय दिसत होते. बाकी सगळं जग अंधार.

कुणीतरी मला धरून दगडापुढे बसवलं. पानावर खीर आली. दुपारच्या जेवणाची सोय करतायत, किती ती माया, असं म्हणत मी जबड्यातून हात घालून खीर खाल्ली. नारळ फुटला. मग एकदम सगळे गप्प झाले.

"सहदेव?" मी हळूच विचारलं. "सुरू केलास का?"

"हाऽऽऽक रेऽऽऽ!" भागोजी ओरडला, आणि पहिला शेणगोळा माझ्या पाठीत बसला!

त्यामागोमाग दुसरा, तिसरा, दहावा! पत्र्याचे डबे खणाणले, थाळ्या वाजल्या, बाया किंचाळल्या, कुत्री सुटली. गुरं बिथरून हंबरली, आणि त्यांतल्या एका बैलाचा गरम श्वास माझ्या हातावर आला. बैल! मी पळालो. वाचकहो, मी काही ठरवून पळालो नाही, पायांनी मला विचारलंच नाही!

"कट!" मी ओरडलो. "कट! कट!"

पण तो आवाज लगद्याच्या मुंडक्यात घुमला आणि बाहेर आला तो नुसता "घर्रर्र, घर्रर्र!" वाडीला केवढा आनंद झाला! डबे दुप्पट जोरात वाजायला लागले.

"आरं हानाऽ! गुरकतोय!"

"पारडीला खातोस व्हय रं, मुडद्या?" असा एक बारीक आवाज आला, आणि त्यामागोमाग एक नेमका गोळा माझ्या कानशिलावर. आवाज ओळखीचा वाटला, पण तेव्हा ओळख काढायला वेळ कुणाला होता!

समोर सहदेव खांद्यावर कॅमेरा घेऊन उलटा पळत होता, हे मला त्याच्या आवाजावरूनच कळत होतं. पंधरा वर्षं लग्नं शूट केलेला माणूस. त्याच्या तोंडून सवयीने एकच वाक्य येत होतं, "भाऊ, इकडे बघा! स्माइल!"

वाडी संपली, उतार सुरू झाला. शेपूट कुत्र्यांनी केव्हाच नेलं होतं. पायाखाली दगड, काटे, निसरडं गवत. मला खरंच वाटत होतं, की या माणसांना काहीतरी झालंय आणि आता ही मला मारणार. मी मनातल्या मनात अमिताला सांगून टाकलं, की कपाटाची चावी घड्याळामागे आहे. आणि त्याच वेळी मागून एक नवाच आवाज आला. गडगडगड! त्याच्यात मधेच खडखडखड!

"भोपळा सुटलाऽऽ!" सहदेव ओरडला.

बिथरलेल्या बैलाचा धक्का लागून भोपळा उतारावर लागला होता, आणि सरळ माझ्या मागे येत होता! आणि भोपळ्यात कोण? तर आवडीआजी! मीच बसवली होती. मीच! आतून जे खडखडत होतं ती म्हातारीची हाडं होती, दुसरं काय असणार? तोवर मी स्वतःसाठी भीत होतो, त्याची मला चांगली सवय होती. दुसऱ्यासाठी भिण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती भीती फार वाईट असते.

भोपळा माझ्या डाव्या अंगाने पुढे गेला. फटीतून केशरी कापड दिसलं, मग दगडावर आपटल्याचा आवाज, मग धप्पकन पाण्याचा. वहाळ! दिवाळीतसुद्धा त्यात कमरेएवढं पाणी असतं आणि ओढही चांगली असते. मला पोहता येत नाही. आणि मी, अंगात दोन ब्लँकेटं आणि डोक्यावर लगद्याचं मुंडकं घेऊन, त्या पाण्यात उडी मारली!

ब्लँकेटांनी पाणी प्यायलं आणि मी लोखंडासारखा जड झालो. चाचपडत चाचपडत भोपळा धरला, देठासकट झाकण उपटलं, आत डोकं घातलं. आत आजी नव्हती. बॅटऱ्यांचा डबा होता.

वाहत-गडगडत मी पलीकडच्या काठाला लागलो. मुंडक्याचा लगदा ओला होऊन चेहऱ्यावर ओघळत होता, एक कान गळून पडला होता, सगळ्या अंगाला शेण. त्या अवस्थेत मी मदतीसाठी दोन्ही हात पुढे करून टपरीकडे चालत गेलो. टपरीवर सुनील तिसरा वडा खात होता.

"आईऽऽ गऽऽ!" सुनीलने किंकाळी फोडली, आणि पोटरीत गोळा आलेला तो सहा फुटी मनुष्य एका उडीत जीपच्या टपावर! वाचकहो, त्या सबंध पिक्चरमध्ये मला घाबरलेला तो एकटाच प्रेक्षक, आणि तेवढंच नेमकं कॅमेऱ्यात आलं नाही.

मी मागे वळून पाहिलं. आता वहाळ ओलांडला होता, बघायला हरकत नव्हती. पलीकडच्या काठावर सगळी वाडी गप्प उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे आवडीआजी, धडधाकट, एका हातात उरलेला शेणगोळा! मला खीर खायला नेलं तेव्हाच ती भोपळ्यातून उतरून वाघ हाकायला येऊन उभी राहिली होती. कानशिलावरचा तो नेमका गोळा तिचाच. तिने गोळा खाली टाकला, हात पदराला पुसले आणि मला, म्हणजे वाघाला, वाकून नमस्कार केला. मी तिथेच चिखलात बसलो आणि रडलो. भीतीने की ती जिवंत दिसली म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

तासाभराने अमिता माझी विजार घेऊन खाली आली, कारण वाघाला त्या दिवशी पुन्हा वर जायला मनाई होती. वाघबारशीची सगळी हकीकत तिने वर बायांकडून ऐकली होती, ती तिने मला जीपमध्ये सांगितली.

"मी आजीला वाचवायला उडी मारली होती," मी म्हणालो.

"हो का?" अमिता म्हणाली, आणि माझ्या कानातलं शेण काढायला लागली.

बॅटऱ्या भिजल्या होत्या, कणगी मोडली होती, दुसरं काहीच शूटिंग होणार नव्हतं. केबलवाल्याने पाडव्याला तीच टेप लावली! त्यात काय होतं? एक वाघ जिवाच्या आकांताने पळतोय, त्याच्या मागे भोपळा लागलाय, आणि भोपळ्याच्या मागे सगळी वाडी. अख्खं महाड गडाबडा लोळलं! चकल्या घशात अडकल्या, पण हसून. त्या संध्याकाळी लोकांनी केबलवाल्याला ती टेप तीनदा परत लावायला लावली. बाजारपेठेत पोरं मला बघून "भोपळा आला!" म्हणून ओरडायची. मला तर दोन महिने भाजी आणायलाही जाववत नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर स्टुडिओचं दार उघडलं आणि भागोजी आत आला. मागे आवडीआजी. तिने टेबलावर नारळ ठेवला, सुपारी ठेवली.

"वाघबारस आली," भागोजी म्हणाला. "वाघाला आवातन द्याया आलाव."

"छे छे!" मी उठून भिंतीला टेकलो. "आता मुंबईला गेलेली मुलं आली असतील की!"

"हायेत ना. चौघं तयार हायेत. आमी नको म्हनलाव."

"का?"

"ती पोरां हसतात पळताना," आजी म्हणाली. "खोटा पळतात. वाघ काय खुळा हाय? वरून बगत आसतो तो. तू कसा पळालास रे बाबा! खराखुरा भ्यालास. जनावराने मनात आनला आसंल, ह्यो वाघ आसून येवढा भितो, म्हंजे हितं कायतरी लय वंगाळ हाय. वरीसभर फिरकला नाय बग. येक शेरडू नेला नाय वाडीतला. माजी पारडी गाभण हाय आता."

हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता! मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, की आजी, शेवटी मी भ्यालो नव्हतो. भोपळ्यात तुम्ही आहात असं समजून, पोहता येत नसताना, मी उडी मारली. आयुष्यात एकदाच शूर झालो, आणि तेही कुणाला कळलं नाही! पण ते सांगितलं असतं तर मग वाघ भ्याला नव्हता असं झालं असतं. म्हणजे सगळं फुकट, आणि पारडी तर आता गाभण. मी तोंड मिटलं.

"हो आजी," मी म्हणालो. "फार घाबरलो होतो."

"त्यांना सराव लागत नाही, आजी," आतून अमिता म्हणाली. "केव्हाही बोलवा."

त्यानंतर गेली सात वर्षं करवंदमाळचा वाघ मीच आहे. दरवर्षी तितकाच घाबरतो, त्यात माझी काही खटपट नसते. आणि आता इतकं सांगितलंच आहे तर राहिलेलंही सांगून टाकतो. ती टेप मी एकट्याने, दार लावून, हळू वेगावर निदान पन्नास वेळा पाहिली आहे. भोपळा पाण्यात पडतो, वाघ काठावर येतो, त्याचा उजवा पाय पुढे जातो, आणि वाघ पाण्यात. आता त्या वाघाने उडी मारली की त्याचा पाय शेणावरून सटकला, हे त्या टेपमध्ये कळत नाही. आणि खरं सांगू? मलाही कळत नाही!